तुमच्या सोलर प्लांटचा पासवर्ड कोणाकडे आहे?

(सोलर प्लांट आणि पवनचक्की असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी)

प्लांट घेताना पॅनेल, स्ट्रक्चर, केबल, अर्थिंग सगळे आपण पारखून घेता. इन्व्हर्टरच्या बुडाशी बोटभर लांबीचा लॉगर असतो, त्याच्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. मोबाइलवर आजचे युनिट दिसतात ते त्याच्यामुळे. बाहेरच्या माणसाला आत शिरायचे असेल तर त्याची वाटही हीच, नाहीतर राउटर.

24 फेब्रुवारी 2022 च्या पहाटे व्हायासॅट कंपनीच्या उपग्रह सेवेवर सायबर हल्ला झाला आणि मध्य युरोपातल्या एनरकॉन कंपनीच्या सुमारे 5,800 पवनचक्क्यांचा दूरसंपर्क तुटला. चक्क्या फिरत राहिल्या, पण लांबून त्यांच्यावर ताबा ठेवता येईना.

जपानमधली 2024 सालची घटना आपल्याला अधिक लागू पडते. सोलर प्लांटवर नजर ठेवणारी सुमारे 800 उपकरणे चोरांनी ताब्यात घेतली. विजेशी त्यांना देणेघेणे नव्हते; लोकांच्या बँक खात्यांवर डल्ला मारताना स्वतःचा माग लपवायला त्यांनी ती वापरली. म्हणून ‘आमचा प्लांट 20 किलोवॅटचा, आम्हाला कोण विचारतो’ हे म्हणणे आम्हाला पटत नाही.

बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये आम्ही पाहिले, तर लॉगरच्या स्टिकरवर छापलेला पासवर्डच अजून चालू होता. ॲपमध्ये पाच जणांची नावे, त्यांतले दोघे नोकरी सोडून गेलेले. मालकांचे स्वतःचे नाव यादीत नव्हतेच.

त्यामुळे वार्षिक देखभालीत आता हेही काम धरले आहे. ॲपचे मुख्य खाते मालकाच्या नावावर करतो, जुनी नावे काढतो. नवा पासवर्ड तुम्हीच टाकायचा. आम्ही तो लिहूनही घेत नाही. राउटरमधले पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट आत येण्याची वाट) बंद करतो आणि टॅली चालते त्या कॉम्प्युटरपासून लॉगरचे वायफाय वेगळे करतो. फर्मवेअर (इन्व्हर्टरच्या आतले सॉफ्टवेअर) अपडेट मात्र उन्हातच करावे लागते, कारण रात्री बहुतेक इन्व्हर्टर बंद असतात. तेवढा वेळ उत्पादन थांबते, म्हणून वेळ आधी ठरवून येतो.

लख्ख ऊन असताना युनिट अचानक पडले, सेटिंग आपोआप बदलले किंवा ॲप तुम्हालाच आत घेईना, तर लॉगर काढून ठेवा. सहसा त्याने वीजनिर्मिती थांबत नाही. फक्त झिरो एक्स्पोर्टचा, म्हणजे ग्रिडला वीज न देणारा प्लांट असेल तर काढण्याआधी आम्हाला विचारा. रिसेट अजिबात करू नका, काय घडले याच्या खुणा त्यात पुसल्या जातात. कंपनी असाल तर सर्ट-इनला (सायबर सुरक्षेसाठीची केंद्र सरकारची संस्था) 6 तासांत कळवणे 2022 च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन लावा.

आमचे नाव सांगून कोणी फोनवर पासवर्ड किंवा ओटीपी मागितला, तर देऊ नका. आमचा माणूस तो कधीच मागत नाही.