व्हिडिओ अडकतो म्हणून ग्राफिक्स कार्ड घ्यायलाच हवं का?

‘कॉम्प्युटरवर एचडी व्हिडिओ अडकतो? वेगळं ग्राफिक्स कार्ड घातल्याशिवाय इलाज नाही.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे, पण बऱ्याच घरांत या खर्चाची गरजच नसते.

दाबून लहान केलेला व्हिडिओ उलगडणारं (डिकोड करणारं) खास सर्किट बहुतेक प्रोसेसरांच्या आतल्या ग्राफिक्समध्येच असतं. इंटेलच्या २०११च्या कोअर प्रोसेसरांतही एच.२६४ या प्रचलित व्हिडिओ प्रकारासाठी ते होतं. ते वापरात नसलं की सगळा भार सीपीयूवर, म्हणजे मुख्य प्रोसेसरवर पडतो.

फोंड्याला मावशीकडे चवथीच्या घुमट आरतीचा (घुमट या मातीच्या तालवाद्यावरची आरती) व्हिडिओ असाच अडकत होता. विंडोजच्या टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये जीपीयू (ग्राफिक्सचा भाग) उघडला. ‘व्हिडिओ डिकोड’ शून्यावर, सीपीयू मात्र नव्वदीपार! क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’खाली ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद होतं. ते चालू करून क्रोम पुन्हा उघडला, तसा आलेख वर चढला आणि घुमटावरची बोटं ठेक्याला जुळली.

तरीही आलेख शून्यावरच राहिला तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट करा. मग यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’मध्ये कोडेक (व्हिडिओ दाबण्याची पद्धत) बघा. तिथे एव्ही१ असेल तर जुन्या प्रोसेसरात त्यासाठीचं सर्किटच नसतं. इंटेलच्या लॅपटॉपांत ते २०२०मध्ये आलं. अशा वेळी ७२०पी निवडा, भार बराच हलका होतो.