छाती धडधडली म्हणजे प्रेमच का?

जुनी दगडी युनिव्हर्सिटी, बाहेर पाऊस, रात्री दोनला लायब्ररीत मेणबत्ती लावून शापित ग्रंथ चाळणारी ती आणि समोर कुणाशी धड न बोलणारा, रात्ररात्र न झोपणारा तो. डार्क अकॅडेमिया फँटसी रोमान्स म्हणजे साधारण हाच मालमसाला. मला आवडतं हे वाचायला, खोटं कशाला बोलू. पण यात हमखास एक सीन असतो, दोघं तळघरातून जीव मुठीत धरून पळतात, एका दाराआड धापा टाकत थांबतात आणि तिथेच प्रेमात पडतात. लेखकाची सोय आहेच ही, पण नुसती सोय नाहीये.

१९७४ मध्ये डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग छापून आला. कॅनडात व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नावाचा झुलता पूल आहे, साडेचारशे फूट लांब, खाली २३० फुटांची दरी, पाय ठेवला की डुलतो. तिथे येणाऱ्या तरुण पुरुषांना एक मुलगी गाठायची, एका चित्रावरून गोष्ट लिहून घ्यायची आणि काही विचारायचं असेल तर फोन करा म्हणून नंबर द्यायची. नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी खरंच फोन केला, आणि जवळच्याच भक्कम, कमी उंचीच्या पुलावर मात्र १६ पैकी फक्त २ जणांनी! म्हणजे काय, तर भीतीने छाती धडधडते, हाताला घाम सुटतो, मेंदू त्याचं कारण शोधायला लागतो आणि समोर मुलगी दिसली की बिल तिच्या नावावर फाडतो. पूल ओलांडून जरा वेळ बसलेल्या लोकांवर हेच करून बघितलं तर परिणाम बराच ओसरलेला होता.

दुसरा लाडका मसाला म्हणजे झपाटलेपण, "तिच्याशिवाय दुसरं काही सुचतच नाही" वगैरे. इटलीत पिसा विद्यापीठाच्या डोनातेल्ला माराझ्झिती आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नुकतेच प्रेमात पडलेले २० जण, ओसीडीचे २० रुग्ण (म्हणजे नको असलेला तोच तोच विचार, कुलूप लागलंय का ते दहादा बघणं) आणि २० इतर लोक, अशा सगळ्यांचं रक्त तपासलं. रक्तातल्या प्लेटलेट्स नावाच्या पेशींवर सेरोटोनिन (मूडशी संबंध असलेलं रसायन) आत ओढून घेणारं एक प्रथिन असतं, ते प्रेमवीर आणि रुग्ण दोघांमध्येही सारखंच कमी निघालं. यावरून "प्रेम हा आजारच आहे" अशा पोस्ट फिरतात, तर थांबा जरा. नमुना एवढासा, रक्तातलं माप म्हणजे मेंदूतलं माप नव्हे, आणि २०१२ मध्ये सांद्रा लांगेस्लाग या संशोधिकेला प्रेमात पडलेल्या पुरुषांच्या रक्तात सेरोटोनिन कमी तर बायकांच्यात उलट जास्त सापडलं. माराझ्झितींनी त्याच प्रेमवीरांपैकी काहींना वर्षा-दीड वर्षाने परत तपासलं तेव्हा आकडे नॉर्मलला आले होते, प्रेम होतं पण झपाटा उतरला होता. (या संशोधनाला २००० सालचं इग्नोबेलही (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीदार बक्षीस) मिळालंय, केमिस्ट्रीचं!)

मला खरा राग येतो तो पुढच्या भागाचा. हिरो डिप्रेशनमध्ये, झोप नाही, जेवण नाही, आणि हिरॉइनने मिठी मारली की सगळं छान. डॉक्टर नाही, थेरपी नाही, औषध नाही. बरं, प्रेमाने काहीच होत नाही असंही नाही. मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन यांनी २००६ मध्ये १६ विवाहित बायकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून आता पायाला शॉक बसू शकतो असं सांगितलं. नवऱ्याचा हात धरल्यावर मेंदूतली धोक्याची धावपळ सगळ्यात जास्त शांत झाली, अनोळखी माणसाचा हात असला तर त्याहून कमी, आणि ज्यांचा संसार सुखाचा त्यांना फायदा जास्त. अर्थात त्या बायका कुठल्या आजारातून बऱ्या होत नव्हत्या, फक्त थोड्या कमी घाबरत होत्या.

म्हणजे पुलावर भीतीमुळे ओढ वाटली आणि इथे नात्यामुळे भीती कमी झाली, एकदम उलटा प्रकार. आमच्या कादंबऱ्यांत मात्र तळघरातली पळापळ दहा पानं चालते आणि हात धरणं अर्ध्या ओळीत उरकतात.