मागच्या ॲक्सलमधला लसावि

जुन्या पिकअप ट्रकसाठी मागचा ॲक्सल शोधायला निघालेल्या माणसाच्या कानावर ३.०८, ३.७३, ४.१० असे आकडे पडू लागतात आणि त्यांच्या जोडीला ‘मोठा आकडा घाला, गाडीची शक्ती वाढेल’ हा सल्लाही फुकट मिळतो. प्रत्यक्षात हा आकडा एवढेच सांगतो, की चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलपर्यंत येणाऱ्या दांड्याचे, किती फेरे होतात. ३.०८ च्या जागी ४.१० ची दातेरी चक्रांची जोडी बसवली, तर चाकाला मिळणारा टॉर्क, म्हणजे फिरवणारा पीळ, सुमारे एक तृतीयांशाने वाढतो हे खरे. पण इंजिनाच्या त्याच फेऱ्यांना चाकाचा वेग त्याच प्रमाणात घटतो. शक्ती हा या दोहोंचा गुणाकार असल्यामुळे ती इंजिनाने दिली त्याहून जास्त होत नाही; दात्यांच्या घर्षणात गेली तर थोडी कमीच होते.

निवड करायची ती या देवाणघेवाणीत. टायरचा व्यास ३० इंच धरला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला सुमारे ६९६ फेरे घेते. अनेक जुन्या गिअरबॉक्समध्ये टॉप गिअर थेट, म्हणजे एकास एक असतो. तेव्हा या वेगाला इंजिन ३.०८ वर सुमारे २,१४० आणि ४.१० वर सुमारे २,८५० फेऱ्यांनी फिरत राहील. ओझे ओढायचे आणि चढ चढायचे असतील तर दुसरा आकडा सोयीचा, मोकळ्या रस्त्यावर लांब पल्ला गाठायचा असेल तर पहिला. पुढे कोणी हौसेने ३३ इंची टायर चढवले, की ४.१० ची गाडी मूळ टायरांवरच्या ३.७३ सारखी वागू लागते. म्हणून टायर आधी ठरवावेत आणि गुणोत्तर नंतर.

आता या आकड्यांच्या विचित्रपणाकडे वळू. सरळ चार का नाही, ४.१० कशासाठी? उत्तर शाळेतल्या मसावि-लसाविमध्ये आहे. क्राऊनला, म्हणजे ॲक्सलमधल्या मोठ्या दातेरी चक्राला, ४० आणि पिनियनला, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टकडून फिरणाऱ्या लहान चक्राला, १० दाते दिले, तर गुणोत्तर नेमके ४ येते. पण मग पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या त्याच चार ठरावीक दात्यांना जन्मभर भेटत राहतो. त्यातल्या एखाद्या दात्यावर बारीकसा उंचवटा राहिला असेल, तर तो त्याच चौघांना घासत राहणार आणि झीज एकाच जागी साठत जाणार. क्राऊनला एकच दाता वाढवून ४१ केले, की ४१ आणि १० सहमूळ होतात, म्हणजे त्यांचा मसावि १ होतो, त्यांचा लसावि ४१० येतो आणि एकदा भेटलेले दोन दाते पुन्हा भेटतात ते क्राऊनचे १० आणि पिनियनचे ४१ फेरे झाल्यावरच. वर सांगितलेल्या वेगाला एवढे फेरे एका सेकंदाच्या आत होतात. तेवढ्या वेळात पिनियनच्या प्रत्येक दात्याची क्राऊनच्या प्रत्येक दात्याशी एकदा गाठ पडून जाते आणि झीज सगळ्यांमध्ये वाटली जाते. ३.७३ म्हणजे ४१ भागिले ११, ३.०८ म्हणजे ४० भागिले १३. इथेही मसावि १ च आहे. मसावि १ नसलेल्या जोड्याही बनत असत, पण त्यांच्या दात्यांवर खुणा केलेल्या असत आणि जुळणी करताना त्या खुणा एकमेकींसमोर आणाव्या लागत. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासूनच तयार केलेले असतात, म्हणून त्यांतला एकटा कधी बदलू नये. दात्यांवरून झिजून गेलेला धातू परत आणण्याचा दावा करणाऱ्या बाटल्या बाजारात मिळतात. ऑइलमध्ये काहीही ओतले तरी दाता पुन्हा उगवत नाही.

क्राऊनचा व्यास तोच ठेवून गुणोत्तर वाढवले, की पिनियन लहान होत जाते; ४.५६ ला ४१ समोर फक्त ९ दाते उरतात. त्यामुळे जड कामाला आकड्याआधी क्राऊनचा आकार पाहावा. १९५७ पासून आलेल्या फोर्डच्या ‘नऊ इंची’ ॲक्सलचे नाव या व्यासावरूनच पडले, आणि डाना कंपनीच्या ‘६०’ ॲक्सलचा क्राऊन पाऊण इंचाने त्याहून मोठा आहे. भार फार असेल तर फुल-फ्लोटिंग ॲक्सल घ्यावा, कारण त्यात गाडीचे वजन हाउसिंग, म्हणजे ॲक्सलचे बाहेरचे कवच, पेलते आणि आतल्या शाफ्टला फक्त पीळ सोसावा लागतो. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचा आणि मागचा आकडा सारखाच हवा. गुणोत्तर बदलल्यावर स्पीडोमीटरचा लहान गिअरही बदलावा लागतो.

जुना ॲक्सल विकत घेताना लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नये. डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) साधे, लॉक नसलेले असेल, तर एक चाक स्थिर धरून दुसरे हाताने फिरवावे. क्राऊनचा वेग दोन्ही चाकांच्या वेगाची सरासरी असतो, म्हणून चाकाच्या दोन फेऱ्यांत क्राऊनचा एकच फेरा होतो आणि तेवढ्यात पिनियनचे जितके फेरे होतील तेच गुणोत्तर. दोन फेऱ्यांत ३.५५ आणि ३.७३ यांतला फरक नजरेला कळत नाही, तेव्हा वीस फेरे मोजावेत: एकाला साडेपस्तीस येतील, दुसऱ्याला सव्वासदतीसच्या थोडे वर. तरीही शंका राहिली तर मागचे झाकण उघडावे. दात्यांच्या संख्या बहुधा क्राऊनच्या कडेवर ठोकलेल्या असतात, ३९ आणि ११, किंवा ४१ आणि ११.