लीद, चिखल आणि आरसा

ओली माती भिंतीवर थापली की वाळताना तडकणारच. चिकणमातीचे कण म्हणजे चपटे, पातळ पापुद्रे, मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान. त्यांच्यामधलं पाणी उडून गेलं की ते जवळ सरकतात आणि थर आकसतो. मागची वाळलेली भिंत मात्र जागची हलत नाही. या ओढाताणीत भेग पडते. कच्छचं लिंपणकाम, म्हणजे भिंतीवरची माती-आरशांची उठावदार नक्षी, टिकतं, कारण या भेगेचा बंदोबस्त आधीच केलेला असतो.

तो करते लीद, उंटाची किंवा गाढवाची. गाय रवंथ करून चारा बारीक करते; गाढव रवंथ करत नाही, त्यामुळे त्याच्या लिदीत न पचलेले जाडसर तंतू भरपूर राहतात. चाळलेल्या मातीत ते मळले की ताण सगळीकडे वाटला जातो आणि एका मोठ्या भेगेऐवजी फार तर बारीक, निरुपद्रवी चिरा पडतात.

भिंत आधी ओली करतात. कोरडी भिंत मातीच्या वळीतलं पाणी शोषून घेते, मग वळी धरत नाही, सुटून पडते. बायका तळहातावर वळ्या वळतात, भिंतीवर ठेवतात आणि कडा बोटांनी दाबत जातात. छापा नाही, आखणी नाही. रबारी पशुपालकांच्या घरांत मोर, उंट, पाणी भरणाऱ्या बायका दिसतात; मुतवा मुसलमानांच्या भिंतींवर निव्वळ भूमिती, आणि मला तीच जास्त आवडते.

आभले, म्हणजे आरसे, माती ओली असतानाच बसवतात. माती काचेला खऱ्या अर्थाने चिकटत नाही. पण भोवतीची कड वाळताना आकसते, काच आकसत नाही, आणि ती घट्ट पकडली जाते. जुने आभले किंचित फुगीर असत, कारण ते फुंकलेल्या काचेच्या गोळ्यातून कापलेले. गुजरातमधलं कपडवंज त्यासाठी प्रसिद्ध. फुगीर आरसा उजेड एका ठिपक्यावर न टाकता पसरवतो. लहान खिडक्यांच्या भुंग्यात, म्हणजे कच्छी मातीच्या घरात, एका दिव्यावर भागवायचं तर हे मोलाचं.

भुंगा गोल असतो. भूकंपात ताण जिथे साठतो ते कोपरेच त्याला नाहीत, शिवाय छप्पर हलकं. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात काँक्रीटच्या इमारती कोसळल्या, पण बऱ्याच भुंग्यांनी तग धरला.

आता पुण्या-मुंबईत ‘लिप्पन आर्ट’चे वर्ग चालतात: एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाचा) फळा, तयार क्ले, फेव्हिकॉल. दिसतं छान. फक्त फळ्याला पाणी लागलं तर तो फुगतो. भुंग्यातली नक्षी निखळली, तर तोच तुकडा भिजवून, मळून पुन्हा भिंतीवर लावता येतो, कारण ती माती कधी भाजलेलीच नसते.