ऑफरोड बाईकचं एफआय ट्यूनिंग

ऑफरोड बाईकचं एफआय (फ्युएल इंजेक्शन) ट्यूनिंग म्हणजे कुठल्या आरपीएमला, किती थ्रॉटलवर इंजेक्टरने किती पेट्रोल मारायचं हे ईसीयूच्या (इंजिनच्या कंप्युटरच्या) मॅपमध्ये, म्हणजे त्यातल्या आकड्यांच्या तक्त्यात, बदलणं. १ एप्रिल २०२० ला बीएस६ (प्रदूषणाचा नवा नियम) आलं आणि नव्या बाईकमधून कार्बोरेटर जवळपास गेलाच, त्यामुळे जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा बारीक नोझल) बदलायचं काम आता लॅपटॉपवर आलंय. पुण्यात एक्सपल्स, हिमालयन किंवा चाकणला बनणारी केटीएम ३९० ॲडव्हेंचर घेऊन पानशेत, मुळशी, ताम्हिणीकडे जाणारे भरपूर आहेत, म्हणून हा विषय इथे सारखा निघतो.

बऱ्याच जणांना वाटतं ट्यूनिंग म्हणजे पॉवर. पण दगडगोट्यांत गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरला चालते, थ्रॉटल जेमतेम पाच-दहा टक्के उघडा असतो, आणि प्रदूषणाच्या नियमांमुळे कंपनी नेमका तोच भाग लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) ठेवते, मग बंद थ्रॉटल जरासा उघडला की गचका बसतो, मागचं चाक सुटतं नाहीतर चढावर हाफ क्लचमध्ये गाडी बंद पडते. हा गचका घालवणं हेच ऑफरोड ट्यूनिंगचं खरं काम, वरच्या आरपीएमचा एखादा बीएचपी तिथे कुणाला कळतही नाही.

मॅपला हात लावायच्या आधी गाडी तपासायलाच हवी. सैल चेन आणि थ्रॉटल केबलचा जास्तीचा प्ले (ढिलेपणा) यांनी हुबेहूब लीन गाडीसारखेच गचके बसतात. एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीतला कार्बन, फ्युएल पंपाचं प्रेशर (बहुतेक बाईकना साधारण ३ बार) हे पण बघायचं. इनटेकच्या रबराला चीर असेल तर गाडी आयडलला ठेवून थंड इंजिनवर जॉइंटपाशी कार्ब क्लीनरचा छोटा फवारा मारतात, आरपीएम बदलला की लीक तिथेच. अशा गाडीवर कितीही भारी मॅप टाका, उपयोग शून्य.

आता मुख्य भानगड. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते आणि जोर हवा असेल तर हे प्रमाण १३ च्या आसपास आणतात. पण कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर नॅरोबँड असतो, तो फक्त रिच (पेट्रोल जास्त) की लीन एवढंच सांगतो, ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वरखाली होत राहतो आणि ईसीयू त्याला ०.४५ च्या आसपास झुलवत ठेवतो. सेन्सर बघून पेट्रोल सतत कमीजास्त करणं म्हणजे हा क्लोज्ड लूप, आणि हलक्या थ्रॉटलला गाडी बहुतेक यातच असते. त्यामुळे पिगीबॅक बॉक्स (ईसीयूला बाहेरून जोडायचा डबा) लावून तिथे ५ टक्के पेट्रोल वाढवलं तरी ईसीयू हळूहळू तेवढंच कापून टाकतो, दोन दिवस गाडी मस्त वाटते आणि मग परत गचके सुरू. म्हणून ईसीयू फ्लॅश करून (आतला मॅपच नव्याने लिहून) तेवढ्या भागातला क्लोज्ड लूप बदलावा लागतो आणि सोबत वाइडबँड सेन्सर लावून खरा आकडा बघावा लागतो.

डायनोवर (गाडी जागेवर पळवून पॉवर मोजायच्या मशीनवर) फुल थ्रॉटलचा ग्राफ छान दिसतो, हलक्या थ्रॉटलचं मात्र चढावरच कळतं. एकच खडकाळ चढ धरायचा, लॉगिंग (सेन्सरच्या आकड्यांची नोंद) चालू ठेवायचं आणि दोन-तीन टक्क्यांच्या पावलांनी पेट्रोल वाढवत जायचं, एकदम दहा टक्के ओतलं तर प्लग काळा आणि ॲव्हरेजची वाट.

उंचीचं टेन्शन घेऊ नये. पुणे शहर साधारण ५६० मीटरवर, सिंहगड १३०० च्या आसपास, वर हवेचा दाब ८-९ टक्के कमी होतो, कार्बोरेटरवाली गाडी तिथे रिच व्हायची, एफआयमध्ये प्रेशर सेन्सर ते सांभाळून घेतो. ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलचं मात्र लक्षात ठेवावं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो म्हणून तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं, क्लोज्ड लूप ते भरून काढतो पण ओपन लूपमध्ये (सेन्सर न बघता नुसत्या मॅपवर चालताना) जुना मॅप थोडा लीन पडतो.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून वाजणारा सायलेन्सर लावणं बेकायदेशीर आहे, आणि गचका घालवायला त्याची गरजही नसते. फ्लॅश करण्याआधी स्टॉक (कंपनीच्या मूळ) मॅपची कॉपी सेव्ह करून घ्यावी, कारण सर्व्हिस सेंटरने ईसीयू अपडेट केला की आपला मॅप पुसला जाऊ शकतो, आणि वॉरंटीचा प्रश्न येतो तो वेगळाच.