सुकाणूच्या पात्याला गंज चढलाय? दुरुस्तीला देण्याआधी हे वाचा

पावसाळाभर होडी किनाऱ्यावर ताडपत्रीखाली असते. गणपती गेले, ताडपत्री निघाली, की मालक आधी शीड बघतात, मग दोरखंड. सुकाणूचं पातं बघायचं राहून जातं, आणि पाण्यात उतरायच्या दोन दिवस आधी फोन येतो: "जरा घासून रंग मारून द्या." हे काम दोन दिवसांत का होत नाही, ते या पत्रकात सांगतो. आमच्याकडे येतात त्या बहुतेक १६ ते २२ फुटी फायबरच्या होड्या, ज्यांचं लोखंडी पातं किनारा जवळ आला की वर उचलून घेता येतं. इथे लिहिलंय ते अशाच पात्याबद्दल.

आधी घरी तपासा

छोटी हातोडी घ्या आणि पात्यावर वरपासून खालपर्यंत हलकेच ठोकत जा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं. मध्येच आवाज बसका आला तर तिथे रंगाखाली गंजाचे पापुद्रे सुटलेत असं समजा. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूच्या कितीतरी पट जागा घेतो, म्हणूनच रंग फुगतो. फोड नखाने उचकटलात तर खाली तपकिरी पाणी आणि काळपट खड्डे दिसतील.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र दिसत नाही, कारण ते सुकाणूच्या ज्या दोन फळ्यांमध्ये पातं बोल्टावर फिरतं त्यांच्या मध्ये, बोल्टाच्या भोकाभोवती असतं. तिथे पातं वर-खाली होताना रंग घासला जातो, खारं पाणी अडकतं आणि सुकत नाही. दांडा धरून हलवल्यावर पातं खडखडत असेल तर भोक लांबट झालंय. त्यामुळे पातं फळ्यांतून पूर्ण बाहेर काढल्याशिवाय आम्ही अंदाजपत्रक देत नाही.

खरा शत्रू मीठ

गंज घालवणारी रसायनं बाजारात मिळतात. पातळ, वरवरच्या गंजावर ती चांगली चालतात. पण खड्ड्यांच्या तळाशी मीठ बसलेलं असतं, तिथे त्यांचं काही चालत नाही. वरून रंग कितीही भारी मारा, हे मीठ रंगातून ओल ओढून घेतं आणि आतल्या आत गंज पुन्हा सुरू होतो.

म्हणून आमच्याकडे पातं आधी गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतलं जातं. मग ब्लास्टिंग (दाबाच्या हवेने खरखरीत कणांचा मारा) करून लोखंड राखाडी-पांढरं होईपर्यंत उघडं करायचं, पुन्हा गोड्या पाण्याने भिजवून रात्रभर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी नीट बघायचं. उरलेलं मीठ खड्ड्याखड्ड्यात काळ्या ठिपक्यांनी वर येतं. ठिपके दिसले की पुन्हा धुणं, पुन्हा ब्लास्टिंग. एखाद्या पात्याला हा फेरा तीनदा करावा लागतो. बिलावर ही मजुरी जास्त दिसते, पण संपूर्ण दुरुस्तीत पैसे वसूल होणारा भाग हाच आहे.

शेवटचं ब्लास्टिंग आम्ही सकाळी दव सुकल्यावर करतो आणि चार तासांच्या आत, दुपारचा खारा वारा वाढायच्या आधी, पहिला इपॉक्सी प्रायमर (लोखंडाला घट्ट धरणारा बुडाचा रंग) मारतो. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाला दसऱ्याच्या आत होडी हवी होती म्हणून आम्ही संध्याकाळच्या दमट हवेत प्रायमर मारला. डिसेंबरात ते पातं फोडांनी भरून परत आलं. आम्ही ते पुन्हा बिनपैशाने केलं, आणि तेव्हापासून तारखेसाठी हवामानाशी तडजोड करत नाही.

भरायचं, जोडायचं की बदलायचं?

किरकोळ खड्डे प्रायमरवर इपॉक्सी पुट्टीने भरतात. गाडीच्या पत्र्याला लावतात ती पॉलिएस्टर पुट्टी पाण्याखाली नको, ती पाणी शोषते. लांबट झालेलं भोक वेल्डिंगने भरून नव्याने पाडतो. वेल्डिंग दोन्ही बाजूंनी, थोडं थोडं, थांबत थांबत करावं लागतं, नाहीतर उष्णतेने पातं वाकतं आणि होडी एका बाजूला ओढते.

जाडी कॅलिपरने मोजतो. आमचा नियम असा: ६ मिमीचं पातं मोठ्या भागात ४.५ मिमीच्या खाली गेलं असेल तर दुरुस्ती करायची नाही. नवीन प्लेट कापून गरम जस्ताचा मुलामा देणं स्वस्त पडतं आणि वाऱ्यात विश्वासाचंही. एक मीटर लांब, ३० सेंमी रुंद, ६ मिमी जाडीची प्लेट साधारण १४ किलो भरते, त्यावरून खर्चाचा अंदाज येईल. मुलाम्यावर साधा ऑइल पेंट मात्र मारू नका, जस्तावर तो धरत नाही, पापुद्र्यासारखा सुटतो.

पुन्हा गंजू नये म्हणून

इपॉक्सीचे किमान तीन हात झाल्यावरच शेवाळरोधक रंग. त्यात बहुधा तांबं असतं. ते उघड्या लोखंडाला लागलं तर गंज उलट वाढतो. स्टेनलेसच्या बोल्टाचंही तसंच: खाऱ्या पाण्यात स्टेनलेस आणि लोखंड एकमेकांना टेकले की झिजतं ते लोखंड. म्हणून आम्ही बोल्टाला नायलॉनची बुश (बोल्टावर बसणारी नळी) आणि वॉशर घालतो.

पात्यावर जस्ताची छोटी वडी बसवून देतो. लोखंडाऐवजी ती स्वतः झिजते. ती अर्धी झाली की बदला, आणि कृपा करून तिच्यावर रंग मारू नका. दरवर्षी दोन-तीन वड्या रंगाखाली झाकलेल्या, जशाच्या तशा परत येतात, आणि शेजारचं पातं खाल्लेलं असतं. वडी फक्त पाण्यात असतानाच काम करते, त्यामुळे फेरी मारून आलात की पातं गोड्या पाण्याने धुवा, फळ्यांच्या फटीत पाइप घालून.

इपॉक्सी पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा लागतो. ब्लास्टिंग धरून दहा-बारा दिवस मोजा. पातं आणताना जुना बोल्ट, वॉशर आणि दोन्ही फळ्याही सोबत आणा. भोक फळ्यांना लावून बघितल्याशिवाय आम्ही पाडत नाही.