रेस्टौराशन : तुमच्या संचातल्या गलबताविषयी

आमचा लाकडी संच घेतल्याबद्दल मनापासून आभार. खोकं उघडलं की बहुतेक ग्राहक विचारतात, अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजाला डोलकाठी एकच कशी? मूळ गलबतालाही एकच होती. लांबी साधारण ५४ फूट. १:५० प्रमाणात ती ३३ सेंटिमीटर भरते.

४ जुलै १८२५ रोजी नॉर्वेतल्या स्टावांगर बंदरातून हे गलबत अमेरिकेत वसायला निघालेली ५२ माणसं घेऊन निघालं. त्यांतले बरेचजण क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे किंवा त्या विचारांचे. सरकारमान्य चर्चबाहेर उपासना केली की त्यांना त्रास होई. या मंडळींच्या वतीने क्लेंग पेर्सन आधीच अमेरिका पाहून आला होता. पुढाकार लार्स लार्सन गेलाने यांचा. गलबत या मंडळींनी स्वतःच विकत घेतलेलं.

डेकच्या फळ्या चिकटवण्याआधी एक गोष्ट जरूर करा. सोबत दिलेली सगळी कागदी माणसं गलबताच्या पोटात आडवी ठेवून पाहा. मोठं माणूस या प्रमाणात जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचं. त्यातच लोखंडाचा माल, पाण्याची पिंपं, शिधा आणि लहान मुलं. असे चौदा आठवडे! वाटेत मदेइरा बेटावर फुंशालला मुक्काम झाला. २ सप्टेंबरला लार्सन दांपत्याला मुलगी झाली, म्हणून कागदी माणसं ५३ आहेत. सर्वांत छोटी ती. हरवू नका.

९ ऑक्टोबरला न्यूयॉर्क आलं आणि गलबत जप्त झालं. तिथल्या कायद्याने दर पाच टनांमागे दोनच प्रवासी चालत. सुमारे ३९ टनांच्या या गलबतात पंधरा-सोळा फार झाले. दंड इतका होता की तो भरणं या लोकांच्या आवाक्याबाहेरचं. अखेर नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी माफी दिली. मंडळी ऑन्टारियो सरोवराकाठी केन्डलला वसली. १८३४ पासून बरीच कुटुंबं इलिनॉयमध्ये फॉक्स नदीकाठी गेली.

१८५० नंतर नॉर्वेची मोठी जहाजं कॅनडातल्या क्वेबेकला माणसं नेऊन परतताना इमारती लाकूड आणू लागली. आम्ही मात्र मुद्दाम नॉर्वेतून अमेरिकेत वसायला माणसं नेणारं हे पहिलं गलबत निवडलं. एवढ्याशा लाकडावर लेकराबाळांसह विश्वास टाकणारी माणसं आम्हाला फार मोठी वाटतात.

२०२५ मध्ये द्विशताब्दीनिमित्त याच्या प्रतिकृतीने स्टावांगर ते न्यूयॉर्क प्रवास केला. शिडाचे दोर बांधताना तिचे फोटो समोर ठेवा. मोठं शीड आधी, नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाकडची, लहान शिडं नंतर. दोर ताणण्यापूर्वी डोलकाठीचा गोंद रात्रभर वाळू द्या.